बाईंची करकरती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी लाकडी खुर्ची आहे. खुर्ची म्हटले की मोठ्या माणसांचे डोळे कसे लकाकतात हे मला ठाऊक आहे. पण माझ्यावर कोणाचा डोळा असण्याची भीती नाही. मोठे माणूस माझ्यावर बसले तर त्याचे गुडघे कानाला लागतात. मी मुलांच्या मापाची आहे. सध्या मी एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, कपडे वाळत घालायच्या गॅलरीत असते आणि माझ्यावर चिमट्यांची टोपली असते. चिमटे स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांना गोष्टीतले काही कळत नाही. माझे सगळे आयुष्य गोष्टी ऐकण्यात गेले, म्हणून मला हे जरा जड जाते.

माझी हकिगत आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी सगळे ठीक झालेले ज्यांना लागते, त्यांनी आत्ताच उठून खेळायला जावे. मी रागावणार नाही.

माझा जन्म एका प्रकाशनसंस्थेच्या कचेरीत झाला. खाली छापखाना होता आणि वरच्या दोन खोल्यांत पुस्तके तयार होत. यंत्र सुरू झाले की वरची फरशीसुद्धा थरथरायची, आणि शाईचा वास जिन्याने वर येऊन पडद्यांत मुक्कामाला राहायचा. त्या वर्षी मालकांनी सुतार लावून भिंतभर फळ्या करून घेतल्या आणि थोडे लाकूड उरले. लेखक मंडळी आपल्या मुलांना बरोबर आणत आणि ती मुले दिसेल त्या वस्तूला हात लावत. तेव्हा मालक सुताराला म्हणाले, "उरलंय त्यातून एक छोटी खुर्ची ठोका. पोरं एका जागी तरी बसतील."

लाकूड तीन पायांपुरतेच होते. चौथा पाय सुताराने कागदांच्या गठ्ठ्यांबरोबर आलेल्या एका खोक्याच्या फळीतून काढला. तो महिन्याभरात सुकला, आपल्या खाचेत सैल झाला, आणि माझ्यावर बसलेले कोणी जरा हलले की 'कर्र' असा आवाज येऊ लागला. चौथा पाय म्हणजे आमच्यातला फटकळ नातेवाईक. मनात ठेवणे त्याला जमतच नसे. मालक दोनतीनदा म्हणाले, "ती खुर्ची बघून घ्या कोणीतरी," पण कामाच्या गडबडीत ते राहून गेले. मला माझ्या आवाजाची लाज वाटे. पाहुणे आले की मी मनातल्या मनात म्हणे, आता कोणी हलू नका रे बाबांनो.

बाईंची आणि माझी गाठ पडली ती मी दुसऱ्या वर्षात असताना. बाई आधी मुद्रितशोधनाला होत्या, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका हुडकण्याच्या कामाला. मुलांची पुस्तके बघणारे गृहस्थ एक दिवस नोकरी सोडून गेले आणि त्यांचे काम कोणालाच नको होते. "मुलांचं ना? बाईंना द्या," मालक म्हणाले. इतक्या सहज बाई संपादक झाल्या. तेव्हा त्या तिशीच्या होत्या. कानामागे पेन्सिल, टेबलाच्या खणात भाजलेले शेंगदाणे, आणि बोलणे तुटक. कित्येक नामवंत लेखकांची हस्तलिखिते त्यांनी शेंगदाण्याच्या सालांसकट परत पाठवली आहेत.

त्याच वर्षी बाईंची धाकटी बहीण आजारी पडली आणि पाच महिन्यांत वारली. तिला सहा वर्षांची मुलगी होती. शाळा सुटली की वडील कामावरून परत येईपर्यंत ही भाची कचेरीत येऊन बसू लागली. बसायला मी होतेच. ती फारसे बोलत नसे. पायांतले मोजे खाली-वर करत बसायची. बाईंना तिच्याशी काय बोलावे ते सुचत नसे, म्हणून त्या समोरचे हस्तलिखित मोठ्याने वाचू लागल्या. एका आज्ञाधारक सशाची गोष्ट होती ती. बाई खिडकीकडे तोंड करून वाचत होत्या, कारण भाचीकडे पाहिले की त्यांना बहीण आठवत असे.

दोन पाने वाचून बाई थांबल्या. मग तीच पाने त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचली. ससा पळाला, तोवर मी गप्प होते. सशाच्या वडिलांनी उपदेश सुरू केला आणि मी करकरले. ससा बिळात अडकला, मी गप्प. लेखकाने पहाटेचे वर्णन केले, कर्र. बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि जिथे जिथे मी करकरले होते तिथे तिथे समासात एक बारीक रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत रेघ असलेली सगळी वाक्ये त्यांनी खोडून टाकली. उरलेली गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी वाचली तेव्हा भाचीने मोजे सोडून दिले आणि पहिल्यांदाच विचारले, "मावशी, मग तो बाहेर कसा आला?"

तेव्हापासून ती रीतच पडली. आलेले प्रत्येक हस्तलिखित माझ्यावर मूल बसवून वाचायचे. आधी भाचीला, मग छापखान्यातल्या लोकांच्या मुलांना, मग जवळच्या शाळेतल्या मुलांना. बाई नेहमी पाठ करून बसत. त्या म्हणत, "मुलांकडे बघत वाचलं की ती आपल्याला बरं वाटावं म्हणून तोंडं करतात. तोंडाने खोटं बोलता येतं. बसायच्या जागेने येत नाही." ऐकणाऱ्याने काही बोलायचे नाही, बाईंनी काही विचारायचे नाही. बोलायचे फक्त मी. एका पानावर तीन वेळा करकर झाली की ते पान गेलेच म्हणून समजा. छापखान्यात माझ्यावरून चेष्टा चाले. "आज किती करकरली?" असे एकमेकांना विचारत.

एकदा एक मोठे लेखक स्वतः ऐकायला आले. भरदार दाढी, खांद्यावर शाल. त्यांच्या गोष्टीतला दहा वर्षांचा मुलगा उठताबसता शहाणपणाच्या गोष्टी सांगत असे. पहिल्याच प्रकरणात मी अकरा वेळा करकरले. लेखक लालबुंद झाले. म्हणाले, "बाई, तुमची ही खुर्ची मोडकी आहे."

"मोडकी आहे," बाई म्हणाल्या. "खोटारडी नाही."

ते तरातरा जिना उतरून गेले. दोन महिन्यांनी त्यांनी तेच हस्तलिखित निम्मे करून पाठवले, आणि त्याच्या पुढे पाच आवृत्त्या निघाल्या. मला माझ्या आवाजाची लाज वाटणे त्या दिवशी थांबले. आपल्यातल्या ज्या खोडीला सगळे हसतात, तिच्यावर कोणाचे तरी काम अडलेले असावे, यासारखे दुसरे सुख नाही. संस्थेला मोठे पारितोषिक मिळाले तेव्हा छायाचित्र काढायला माणूस आला. बाईंनी हट्टाने मला शेजारी उभे केले. छापून आले त्यात माझे दोनच पाय दिसत होते, तेही पुढचे.

बाई स्वतःही लिहीत. पण कसे, ते ऐका. छापताना सोळा पाने एकदम निघत. एखादे पुस्तक संपून तीन-चार पाने कोरी उरली की बाई त्यांत बरोबर बसेल अशी गोष्ट लिहून देत. अशा उरल्यासुरल्या पानांतल्या गोष्टींची पुढे नऊ छोटी पुस्तके झाली. मुलांना ती फार आवडत. एकही गोष्ट अशी नाही, की जी माझ्यावर बसलेल्या मुलाने आधी ऐकली नाही. पण बाई त्यांना पुस्तके म्हणत नसत. त्यांचे खरे पुस्तक अजून लिहायचे होते.

त्याचे असे झाले. भाची आठ वर्षांची असताना एका दुपारी माझ्यावर बसून म्हणाली, "मावशी, सगळ्यांची पुस्तकं असतात. आईचं का नाही?"

बाई पेन्सिलीला टोक करू लागल्या.

"ती कशी होती ते मला आठवत नाही नीट. तू लिही ना."

"लिहीन," बाई म्हणाल्या. "तू मोठी व्हायच्या आत लिहीन."

मित्रांनो, बाईंनी आयुष्यात दिलेला शब्द मोडला तो एवढाच. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक निळी फाईल आणली आणि खालच्या खणात ठेवली. तिच्यात दरवर्षी दोन-चार पाने पडत. पण दुसऱ्यांची हस्तलिखिते येतच राहिली. कोणाचा शेवट जमत नव्हता, कोणाचा चित्रकार आजारी पडला, कोणाचे पुस्तक शाळा उघडायच्या आधी बाजारात यायला हवे होते. बाई सगळ्यांची कामे आधी करत. भाचीचे पाय लांब झाले, तिचे गुडघे माझ्या हातांना लागू लागले, आणि एक दिवस ती माझ्यावर मावेनाशी झाली. मग ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तिचे लग्न झाले. फाईल खणातच होती.

पुढे मालक वारले आणि त्यांचे चिरंजीव कारभार पाहू लागले. सगळे त्यांना धाकटे मालक म्हणत. माणूस मनाने फार चांगला. पण काळ पालटला होता. छापखाना दुसरीकडे गेला, खाली गाड्या ठेवायची जागा झाली. दारावर रखवालदार आला आणि शाळेतली मुले पूर्वीसारखी वर येईनाशी झाली. वर्षाला बावीस पुस्तके निघत तिथे पाच निघू लागली, त्यांतली दोन बटण दाबले की गाणे म्हणणारी. बाईंनी त्यांवर काही मत दिले नाही. त्या फक्त म्हणाल्या, "यांना माझी गरज नाही. ही आपली आपण बोलतात." वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली.

धाकट्या मालकांनी विचारले, "बाई, आठवण म्हणून काय देऊ तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, "ती छोटी खुर्ची द्या. दुसरं काही नको."

इथे माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली. धाकट्या मालकांच्या मनात आले, की चाळीस वर्षे राबलेल्या बाईंना असली डगमगती, करकरती वस्तू कशी द्यायची? लोक काय म्हणतील? बाईंना नकळत त्यांनी एका चांगल्या सुताराला बोलावले. त्याने माझे चारही पाय काढले, खाचा साफ केल्या, त्यांत सरस भरला, पाय पुन्हा बसवले आणि दोन दिवस मला दोरीने आवळून ठेवले. मग घासून पुसून चकचकीत पॉलिश केले. खोटे कशाला बोलू, मला आवडले. जन्मात पहिल्यांदा माझे चारही पाय एकदम जमिनीला टेकले होते. मी आरशासारखी चमकत होते. आपल्यातून काय गेले आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आले नाही.

निरोपसमारंभात सगळ्यांनी माझे कौतुक केले. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नटवलीत हो हिला." तिथे एकही मूल नव्हते. कोणी माझ्यावर बसले नाही.

बाईंच्या घरी पहिली दोन वर्षे माझ्यावर निळी फाईल बसलेली होती. फाईल काही चुळबूळ करत नाही. बाई रोज सकाळी नऊला लिहायला बसत आणि दुपारी एकला उठत. त्यांना आता दुसऱ्या कोणाचे काम नव्हते. बहिणीचे आजारपण, दवाखान्यातली खिडकी, तिच्यावर पडणारे ऊन, बहिणीचे गळून गेलेले केस, असे सगळे त्या लिहीत होत्या. लिहिताना रडत होत्या. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्यांना रडायला वेळ मिळाला नव्हता. तीनशेदहा पानांचे पुस्तक झाले. त्यांनी फाईल माझ्यावरून उचलली आणि भाचीला फोन केला. "छकुलीला आण. ऐकवायचंय."

छकुली म्हणजे भाचीची मुलगी. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, एका जागी घटकाभरही न टिकणारी. भाची तिला दारापर्यंत सोडायला आली आणि दारातच खाली वाकून म्हणाली, "हे बघ, मावशीआजीने हे खूप वर्षांनी लिहिलंय. मध्ये बोलायचं नाही. कंटाळा आला म्हणायचं नाही. तिला वाईट वाटेल. शहाण्यासारखं बसायचं."

छकुलीने मान डोलावली आणि ती माझ्यावर येऊन बसली. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्यांनी पेन्सिल हातात घेतली. वर पंखा घरघरत होता.

पहिल्याच पानावर छकुली सरकली. मला कळले, आता मी करकरणार. पण आवाज आला नाही. ती पुन्हा सरकली. दवाखान्याचा जिना आला, तिने पाय हलवायला सुरुवात केली. खिडकी आली, तिने केसांची रिबीन सोडली आणि बोटाला गुंडाळली. ऊन आले, ती उलटी होऊन माझ्या पाठीवर हनुवटी टेकून बसली. मी जीव तोडून आवाज करू पाहत होते. पायांत सरस दगडासारखा बसला होता. आयुष्यभर नको तेव्हा करकरले, आणि आज माझ्या तोंडून ब्रसुद्धा निघत नव्हता.

बाईंची पेन्सिल समासावर तयार होती आणि ती खाली येत नव्हती. पाने उलटत होती आणि बाईंची पाठ हळूहळू ताठ होत होती. त्यांचा आवाज खुलत चालला होता. मला तो आनंद बघवेना. अशा तीन दुपारी गेल्या.

एकच जागा अशी आली, जिथे छकुली खरोखर स्तब्ध बसली. एकोणिसाव्या प्रकरणात, चार पानांची. बाईंची बहीण आठ वर्षांची असताना तिने घराच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली होती: 'आज घरात कोणी नाही.' एक बोलके काका जेवणाच्या वेळेला येऊन तीन-तीन तास बसत, त्यांच्यासाठी. काका आले. त्यांनी चिठ्ठी वाचली. आत सगळे घर श्वास रोखून बसलेले, आजोबांना ठसका लागलेला आणि ही त्यांच्या तोंडावर उशी धरून उभी. बऱ्याच वेळाने दार उघडून पाहिले तर चिठ्ठीखाली काकांनी लिहिले होते: 'बरे. ठसका कोणाचा ते विचारायला उद्या येतो.' छकुलीचे हलणारे पाय थांबले होते. तिने तोंडावर हात दाबून धरला होता, कारण बोलायचे नाही असे सांगितले होते. बहीण त्या चार पानांत होती. बाकीच्या तीनशेसहा पानांत बाईंचे दुःख होते. मी करकरत असते तर ही एवढी एक शांत जागा बाईंना लगेच सापडली असती, आणि त्यांनी सारे पुस्तक तिथून पुन्हा उभे केले असते. हे काम त्यांनी दुसऱ्यांसाठी शेकडो वेळा केले होते. पण बाईंना ते प्रकरण हलके वाटत होते. उगाच घातले, काढून टाकू का, असे त्या वाचण्याआधी स्वतःशी म्हणाल्यासुद्धा होत्या.

शेवटचे पान संपले. बाई मागे वळल्या. "एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "तीनशे पानांत एकदाही नाही." त्यांचे डोळे भरून आले होते.

"छान आहे," छकुली म्हणाली.

पुस्तक धाकट्या मालकांनी मोठ्या हौसेने काढले. जाड कागद, कापडी बांधणी. हस्तलिखित संपादनाला कोणाकडेच गेले नाही. "बाईंच्या लिखाणाला हात कोण लावणार?" असे ते म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटले. मोठ्या माणसांनी पत्रे पाठवली, की वाचून डोळे पाणावले. मुलांकडून एकही पत्र आले नाही. बाई म्हणाल्या, "परीक्षा असतील."

मग मुलांच्या ग्रंथालयात वाचनाचा कार्यक्रम ठरला. बाईंनी मला रिक्षातून बरोबर नेले. सतरंजीवर तीसेक मुले बसली आणि पुढच्या एका मुलीला त्यांनी माझ्यावर बसवले. पण इथे त्या लेखिका म्हणून आल्या होत्या, त्यामुळे त्यांना मुलांकडे तोंड करून वाचावे लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या पानावर त्यांनी वर पाहिले. माझ्यावरची मुलगी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, मग खाली वाकून बुटाचे बंद सोडू लागली. माझ्यावर एवढी हालचाल चालली होती आणि मी गप्प होते. बाई वाचता वाचता अडखळल्या. पुढचे वाक्य वाचून त्यांनी पुन्हा वर पाहिले. मुलगी पुन्हा हलली. बाईंनी पुस्तक मिटले आणि त्या उठून माझ्याजवळ आल्या. मुलीला म्हणाल्या, "जरा उठतेस, बाळ?" मग खाली बसून त्यांनी माझ्या चौथ्या पायाच्या सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. तिथे सरसाची बारीक, कडक कड होती.

"हिला दुरुस्त कोणी केलं?"

धाकटे मालक मागेच उभे होते. आनंदाने पुढे आले. "मीच करून घेतली, बाई. तुम्हाला द्यायच्या आधी. कशी झालीय?"

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. फार वेळ पाहिले.

"छान झालीय," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी भाचीला बोलावून घेतले. "खरं सांग. तू वाचलंस पुस्तक?"

"वाचलं ना, मावशी."

"कुठवर?"

भाचीने बोटाने माझी पाठ पुसली. मग म्हणाली, "तिसऱ्या प्रकरणापर्यंत. पुढे नाही जाता आलं. मला वाटलं, आई भेटेल. त्यात तूच भेटलीस फक्त."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"अगं, वाटायलाच हवं होतं," बाई म्हणाल्या. "छापायच्या आधी."

त्या भांडल्या नाहीत. भाचीने चहा केला, दोघींनी घेतला. पण मी एवढ्या वर्षांत बाईंना इतके थकलेले कधी पाहिले नव्हते.

त्यांनी प्रयत्न केला नाही असे नाही. सुताराला बोलावून म्हणाल्या, "पाय सैल करून द्या." तो म्हणाला, "बाई, ओढला तर लाकूड फाटेल." त्या म्हणाल्या, "ओढा." लाकूड फाटले. मग त्याने सांध्याला लोखंडी पट्टी ठोकली आणि मी कायमची मुकी झाले. नंतर बाई पुस्तकाची एक प्रत आणि पेन्सिल घेऊन रोज सकाळी नऊला बसत. कोणते वाक्य काढायचे ते त्यांना ठरवता येत नसे. दुसऱ्याच्या लेखनात जे त्यांना खिडकीकडे तोंड करूनही ऐकू येई, ते स्वतःच्या लेखनात डोळ्यांसमोर असून दिसत नव्हते. प्रत्येक वाक्य त्यांच्या दुःखाचे होते, त्यामुळे प्रत्येक वाक्य खरे होते. छकुलीला पुन्हा बोलवावे असे त्यांच्या मनात येई, पण तीसुद्धा आता छानच म्हणेल हे त्यांना माहीत होते. एकदा त्यांनी एकोणिसाव्या प्रकरणापाशी पेन्सिल टेकवली. मी श्वास रोखून पाहत होते. त्यांनी समासात लिहिले, 'हे काढले तरी चालेल.' त्याच वर्षी, कोणाला फारसा त्रास न देता, त्या गेल्या.

पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती एका टेम्पोत भरून रद्दीत गेल्या. धाकट्या मालकांना खरेच वाईट वाटले. भाचीने घर आवरले, तेव्हा तिने दोनच गोष्टी आणल्या, एक मी आणि एक पुस्तकाची प्रत. छकुली आता तेरा वर्षांची आहे आणि माझ्यावर मावत नाही.

तुम्ही विचाराल, छकुलीने तर ती चिठ्ठीची गोष्ट ऐकली होती, मग तिने आईला सांगितली कशी नाही? त्या दुपारी तिला घरी नेताना आईने एवढेच विचारले होते, "शहाण्यासारखी बसलीस ना?" ती हो म्हणाली. तिला दुसरे काही विचारलेच नाही. आता तिला विचारले तरी आठवत नसेल.

मित्रांनो, आमच्या जातीच्या जुन्या वस्तू आपली हकिगत सांगून झाली की म्हणतात, आमची निगा राखा. मी तसे म्हणणार नाही. माझी निगा फार मनापासून राखली गेली, आणि त्यातच माझे आणि बाईंचे वाटोळे झाले. त्यात कोणीही दुष्ट नव्हते. सगळ्यांनी एकमेकांना जपले. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यावर जीव असलेले कोणी तुम्हाला आपण लिहिलेले वाचून दाखवील, किंवा गाऊन, किंवा चित्र काढून दाखवील. तुम्हाला कंटाळा आला तर त्याच्यादेखत हला. तोंड फिरवा. सांगा. त्याला वाईट वाटेल. वेळेवर वाईट वाटले तर माणसाला अजून काही करता येते. आणि हसू आले तर तोंडावर हात धरू नका, तेही सांगा, कारण ते त्याला कदाचित ठाऊकच नसेल. तुम्ही माझे ऐकाल अशी मला फारशी आशा नाही. चांगल्या घरांतल्या मुलांना शहाण्यासारखे बसायला शिकवलेले असते.

गॅलरीच्या दारातून मला आतले कपाट दिसते. त्यात ते पुस्तक आहे, आणि खुणेची फीत तिसऱ्या प्रकरणात आहे. एकशेत्रेचाळिसाव्या पानावर एक आठ वर्षांची मुलगी आजोबांच्या तोंडावर उशी धरून उभी आहे, आणि तिच्या लेकीला ते माहीत नाही. भाची दर रविवारी पुस्तक खाली काढते, धूळ पुसते आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून देते.